जुन्या ट्रॅक्टरची ओढ कशी मोजायची आणि वर्ग कसा ओळखायचा

जुना ट्रॅक्टर दिसला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती एचपीचा? उत्तर लगेच मिळतं आणि त्या एका आकड्यावर दोन ट्रॅक्टरांची तुलना सुरू होते. १९१० ते १९६० या काळातल्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा फसते. त्या काळचा एचपी कधी इंजिनावर मोजलेला असे, कधी पट्ट्याच्या पुलीवर, कधी मागच्या ड्रॉबारवर (अवजार जोडून ओढायच्या दांड्यावर), तर कधी कुठेच न मोजता जाहिरातीत छापलेला. नांगर ओढताना उपयोगी पडते ती ओढ, म्हणजे ड्रॉबारवर किती किलोचा ताण किती वेगाने टिकतो ते. ही ओढ कशी शोधायची आणि तिच्यावरून ट्रॅक्टर कुठल्या वर्गात बसतो हे कसं ठरवायचं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

पायरी १: नावातला आकडा तपासा

बॉनेटवर लिहिलेला आकडा एचपीच असेल असं धरून चालू नका. ऑलिव्हर ७० हा १९३५ चा ट्रॅक्टर. यातले ७० हे ७० ऑक्टेनच्या पेट्रोलवरून आले आहेत, ताकदीशी त्यांचा संबंध नाही. फोर्ड ९एन मधला ९ हा १९३९ सालचा आणि ८एन मधला ८ हा १९४८ चा, त्यामुळे ८एन हे ९एन नंतरचं मॉडेल आहे. फर्ग्युसन टीई२० मधले २० आणि फोर्डसन ई२७एन मधले २७ मात्र खरोखर एचपीच्या अंदाजाने दिलेले आहेत. जॉन डिअरच्या ए, बी, डी या अक्षरांतून तर ताकदीबद्दल काहीच कळत नाही.

त्याआधीच्या पिढीच्या नावांत दोन आकडे असत: १०-२०, १५-३०, ३०-६०. यातला पहिला ड्रॉबारचा एचपी, दुसरा पट्ट्याचा. मॅककॉर्मिक-डिअरिंग १०-२० याचा अर्थ मळणीयंत्र चालवताना पट्ट्यावर २० एचपी आणि शेतात नांगर ओढताना १० एचपी. अर्धी ताकद गिअर, लोखंडी चाकं आणि माती यांत जाते, हे कंपनीनेच नावात कबूल केलेलं होतं. म्हणून १०-२० चा ट्रॅक्टर आणि नंतरच्या काळातला पट्ट्यावर २० एचपी दाखवणारा ट्रॅक्टर यांची तुलना करताना दोघांचेही पट्ट्याचे आकडे घ्या, किंवा दोघांचेही ड्रॉबारचे. एकाचा एक आणि दुसऱ्याचा दुसरा घेतला की सगळं बिघडतं.

हे आकडेही नेहमी खरे नसत, आणि चूक दोन्ही बाजूंनी होई. काही कंपन्या फुगवून सांगत, तर काही हात राखून. रुमली ऑइलपुलचा ३०-६० हा अवाढव्य ट्रॅक्टर चाचणीत पट्ट्यावर ६० च्या बराच पुढे गेला. मॅककॉर्मिक-डिअरिंग १५-३० चं सुधारलेलं रूप पुढे २२-३६ म्हणून ओळखलं जाऊ लागलं. त्यामुळे नुसतं "१५-३०" ऐकून थांबू नका, कुठल्या सालचा ते विचारा.

पायरी २: चाचणीचा अहवाल शोधा आणि नीट वाचा

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मॉट क्रोझिअर हे शेतकरी आणि आमदार होते. जाहिरातीवर विश्वास ठेवून घेतलेल्या ट्रॅक्टरने त्यांना चांगलाच त्रास दिला. त्यातून १९१९ मध्ये कायदा झाला: राज्यात विकायच्या प्रत्येक मॉडेलची विद्यापीठात चाचणी व्हायलाच हवी आणि निकाल सर्वांसाठी खुले हवेत. १९२० मध्ये लिंकन इथे चाचण्या सुरू झाल्या आणि पहिला नंबर लागला वॉटर्लू बॉय मॉडेल एन चा. जुन्या ट्रॅक्टरांची तुलना करणाऱ्यासाठी याहून मोलाची गोष्ट नाही असं मला मनापासून वाटतं. विकणाऱ्याने सांगितलेला आकडा आणि तिऱ्हाइताने मोजलेला आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय यातूनच झाली.

अहवाल वाचताना नवख्याची गडबड होते ती "कमाल" आणि "रेटेड" या दोन आकड्यांत. कमाल म्हणजे त्या यंत्राने जास्तीत जास्त जोर लावून दिलेली ताकद. रेटेड म्हणजे दिवसभर न दमता देता येईल अशी ताकद. अनेक वर्षं ही रेटेड ताकद काढण्याची रीत ठरलेली होती: ड्रॉबारच्या कमाल ताकदीच्या ७५ टक्के आणि पट्ट्याच्या कमाल ताकदीच्या ८५ टक्के. समजा एका ट्रॅक्टरचा ड्रॉबारचा कमाल आकडा २४ आहे आणि दुसऱ्याचा रेटेड आकडा १८. वरवर पाहता पहिला बराच ताकदवान वाटतो. पण २४ चे ७५ टक्के १८ च होतात, म्हणजे दोन्ही ट्रॅक्टर सारखेच. चर्चेत आणि विक्रीच्या जाहिरातींत हे दोन्ही आकडे सर्रास एकमेकांत मिसळलेले दिसतात.

त्याच कागदावर आणखी तीन गोष्टी बघा: चाकं लोखंडी होती की रबरी, ट्रॅक्टरवर जादा वजन किती टाकलं होतं आणि इंधन कोणतं होतं. अॅलिस-चाल्मर्सने १९३२ मध्ये मॉडेल यू ला हवेचे टायर बसवले आणि पुढच्या काही वर्षांत चित्रच पालटलं. तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, पण टायरवर ड्रॉबारची ताकद वाढते आणि वेगही वाढवता येतो. लोखंडी चाकांची दातेरी पाती मातीत रुतवायची आणि पुन्हा उपसायची यातच बरीच ताकद खर्च होत असे. म्हणून १९३० च्या दशकातलं एखादं मॉडेल दोन वेगवेगळ्या आकड्यांनी नोंदलेलं दिसलं, तर एक लोखंडी चाकांचा आणि एक टायरचा तर नाही ना, हे आधी पाहा.

इंधनाचंही तसंच. रॉकेल किंवा डिस्टिलेटवर (रॉकेलसारख्या स्वस्त इंधनावर) चालणाऱ्या इंजिनाचं कॉम्प्रेशन कमी ठेवावं लागे, त्यामुळे तेच मॉडेल पेट्रोलवर जास्त ताकद दाखवतं. ऑलिव्हर ७० दोन रूपांत मिळे, पेट्रोलसाठी एचसी आणि रॉकेल-डिस्टिलेटसाठी केडी. फर्ग्युसनमध्ये टीईए२० पेट्रोलचा, टीईडी२० ट्रॅक्टर व्हेपरायझिंग ऑइलचा (हेही रॉकेलच्या जातीचं इंधन) आणि टीईएफ२० डिझेलचा. ट्रॅक्टरवरची मॉडेलची पाटी वाचल्याशिवाय आकडा लावू नका.

पायरी ३: एचपीवरून ओढ काढा

एक छोटं सूत्र पाठ करून ठेवा. ओढ किलोत आणि वेग ताशी किलोमीटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करून २७० ने भागा, की ड्रॉबारचा एचपी मिळतो. जुने अमेरिकी अहवाल पौंड आणि मैलात असतात, तिथे भागायचं ३७५ ने. दोन्हींचा एचपी तंतोतंत एक नसला तरी फरक दीड टक्क्याच्या आतला आहे, आपल्या कामासाठी तो सोडून द्या.

यातली खरी गंमत सूत्र उलटं फिरवल्यावर दिसते. ड्रॉबारवर २० एचपी मिळतो असं धरू. ताशी ५.४ किलोमीटर वेगाने ओढ मिळेल १,००० किलो. वेग दुप्पट, म्हणजे १०.८ केला, तर ओढ ५०० किलोवर येते. एचपी तेवढाच राहिला, ओढ मात्र निम्मी झाली. म्हणून "याची ओढ जास्त" असं कोणी म्हटलं, की किती वेगाला, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही. पहिल्या गिअरमधली ओढ एकाची आणि तिसऱ्या गिअरमधली दुसऱ्याची अशी तुलना करू नका. नांगरटीचा वेग जुन्या ट्रॅक्टरांसाठी साधारण ताशी ४ ते ६ किलोमीटर धरा आणि दोघांना त्याच वेगावर तपासा.

पायरी ४: वजन आणि पकड

इथे थोडं थांबायला हवं, कारण जुन्या ट्रॅक्टरांबद्दलचे निम्मे वाद इथेच मिटतात.

इंजिन कितीही जोरदार असलं तरी चाकांची मातीवरची पकड सुटली की ताकद वाया जाते. कामचलाऊ अंदाज असा: दोन चाकांवर चालणारा टायरचा ट्रॅक्टर घट्ट मातीत आपल्या एकूण वजनाच्या ४० ते ५० टक्के ओढ आरामात देतो. भुसभुशीत, नुकत्याच नांगरलेल्या रानात त्याहून कमी. काँक्रीटवर बरीच जास्त. साखळीपट्ट्याचा क्रॉलर शेतात या सगळ्यांच्या पुढे असतो.

आता दोन ट्रॅक्टर घ्या. १९४८ चा फोर्ड ८एन आणि १९३९ पासून बनलेला फार्मॉल एच. पट्ट्यावर दोघांचाही कमाल एचपी पंचविशीच्या थोडा पुढे, म्हणजे जवळपास बरोबरीचा. पण ८एन चं वजन ११०० किलोच्या आसपास, तर फार्मॉल एच मोकळाच १७०० किलोच्या घरात, आणि टायरमध्ये पाणी भरून चाकांना वजनं लावली तर अडीच टनांपर्यंत जातो. मागे ओढायचं अवजार जोडलं, तर ८एन कडून सुमारे ५०० किलोची ओढ मिळेल आणि वजन लावलेल्या एच कडून १,००० किलोच्या पुढे. वरच्या सूत्रात हे बसवून पाहा: २० एचपी वापरायचे तर ८एन ला ताशी ११ किलोमीटरने पळावं लागेल, आणि त्या वेगाने कोणी नांगरट करत नाही. एच तेच काम शांतपणे ५ च्या वेगाने करतो.

मग ८एन दोन फाळी नांगर कसा ओढतो? ओढतो, आणि चांगला ओढतो. याचं कारण हॅरी फर्ग्युसन यांच्या थ्री पॉइंट लिंकेजमध्ये आहे. हे लिंकेज १९३९ च्या ९एन पासून फोर्डवर आलं. अवजार हायड्रॉलिकने उचलून धरलं की नांगराचं आणि मातीच्या दाबाचं वजन मागच्या चाकांवर येतं, ताण वाढला की पकडही वाढते. पण चाचणीच्या मैदानावर ट्रॅक्टरमागे ओढलेली भार-गाडी असते, जोडलेला नांगर नसतो. त्यामुळे लिंकेजचा हा फायदा ड्रॉबारच्या आकड्यात उतरत नाही. ८एन किंवा टीई२० ला नुसत्या अहवालावरून कमी लेखणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. आणि उलट, त्याच ट्रॅक्टरमागे जड ट्रॉली लावून फार्मॉलशी बरोबरी करायला गेलात तर चाकं जागच्या जागी फिरतील.

पायरी ५: नांगराच्या फाळांवरून वर्ग ठरवा

शेतकऱ्याला एचपीपेक्षा "किती फाळी नांगर ओढतो" हा प्रश्न जवळचा होता आणि जुनं वर्गीकरण त्यावरच उभं आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या १९३९ च्या मालिकेत हा क्रम सरळ दिसतो: फार्मॉल ए एक फाळी, एच दोन फाळी, एम तीन फाळी. त्याच घराण्यातला डब्ल्यू-९ हा चार फाळी वर्गातला. मला हे वर्गीकरण आवडतं, कारण यात इंजिन, गिअर, वजन आणि पकड या सगळ्यांचा हिशोब एकदमच होतो.

फक्त फाळ किती इंची ते पाहायचं. त्या काळचा नेहमीचा फाळ १४ इंची. १२ इंची तीन फाळ मिळून ३६ इंच रुंदी होते, १६ इंची दोन फाळ मिळून ३२ इंच. काम जवळपास तेवढंच, पण जाहिरातीत एक तीन फाळी आणि दुसरा दोन फाळी.

माती कशी आहे हेही तितकंच महत्त्वाचं. १४ इंची दोन फाळ म्हणजे अंदाजे ७० सेंटिमीटर रुंदी. १५ सेंटिमीटर खोल नांगरलं तर कापलेल्या मातीचा छेद १,०५० चौरस सेंटिमीटर. मध्यम जमीन दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो विरोध करते असं धरू, म्हणजे ओढ लागेल ५२५ किलो. ताशी साडेपाच किलोमीटरला हे झाले सुमारे ११ एचपी. तीच नांगरट भारी चिकण जमिनीत, जिथे विरोध ०.८ किलोपर्यंत जातो, तिथे ८४० किलो आणि १७ एचपी मागते. वापसा निघून गेलेल्या, वाळून कडक झालेल्या रानात त्याहून जास्त. म्हणून एकाच ट्रॅक्टरला कोणी दोन फाळी म्हणतं आणि कोणी तीन फाळी, आणि दोघंही खरं बोलत असतात.

पायरी ६: बांधणीचा प्रकार

तुलना शक्यतो एकाच प्रकारात करा. जॉन डिअर डी, केस एल, मॅककॉर्मिक-डिअरिंग १५-३० हे स्टँडर्ड, म्हणजे बुटके, रुंद आणि जड. सलग नांगरटीसाठी बनलेले. १९२४ च्या फार्मॉलने रो-क्रॉपचा रस्ता दाखवला: उंच धुरा, पुढे जवळजवळ जोडलेली दोन चाकं, उभ्या पिकाच्या ओळींतून जाता येईल अशी बांधणी. जॉन डिअर ए याच वाटेवरचा. ९एन आणि टीई२० हे हलके, बुटके, सर्व कामांचे युटिलिटी ट्रॅक्टर. याखेरीज फळबागेसाठी झाकलेल्या चाकांचे आणि क्रॉलर असे प्रकार आहेत. रो-क्रॉपचा गुरुत्वमध्य उंच असतो, त्यामुळे उतारावर आणि जड ओढीखाली तो स्टँडर्डइतका निर्धास्त नसतो. ओढीचा आकडा सारखा असला तरी हा फरक उरतोच.

इथेच एका समजाबद्दल सांगायला हवं. जॉन डिअरचे दोन सिलेंडरचे ट्रॅक्टर आणि एका मोठ्या सिलेंडरचा लांझ बुलडॉग "टॉर्क जास्त म्हणून जास्त ओढतात" असं नेहमी ऐकू येतं. जॉन डिअर ए चं इंजिन ९७५ फेऱ्यांवर चालतं, फार्मॉल एम चं १,४५० वर, फोर्ड ८एन चं २,००० वर. कमी फेऱ्यांच्या इंजिनाच्या शाफ्टवर टॉर्क जास्त असतो हे खरंच, पण गिअरबॉक्स तो फरक चाकापर्यंत पोहोचेतो भरून काढतो. त्यांचं खरं बळ वेगळं आहे. ढेकूळ किंवा कडक पट्टा आला, फेऱ्या खाली आल्या, तरी हे इंजिन चिवटपणे धरून ठेवतं आणि गिअर बदलायची वेळ येऊ देत नाही. चालवणाऱ्याला याचं सुख मोठं असतं आणि ते एचपीच्या आकड्यात दिसत नाही.

पायरी ७: स्वतः मोजून पाहा

अहवाल नव्या कोऱ्या यंत्राचा असतो. समोरचा ट्रॅक्टर पाऊणशे-ऐंशी वर्षांचा आहे. रिंगा झिजल्या असतील, कोणी मोठे पिस्टन घातले असतील, टायर मूळ मापाचे नसतील. तेव्हा पीटीओला (अवजारांना फिरती ताकद देणाऱ्या मागच्या शाफ्टला) किंवा पट्ट्याला डायनॅमोमीटर, म्हणजे ताकद मोजण्याचं यंत्र लावून इंजिन तपासून घ्या, आणि ओढीसाठी शेतात उतरा.

घसरण मोजायला फक्त खडू आणि टेप लागते. मागच्या टायरवर खडूची ठळक रेघ मारा. आधी मोकळा ट्रॅक्टर, जोडलेलं काहीही नसताना, त्याच रानात चाकाच्या १० फेऱ्या होईपर्यंत चालवा आणि अंतर मोजा. मग नांगर लावून, ठरलेल्या खोलीवर, त्याच गिअरमध्ये पुन्हा १० फेऱ्या. मोकळं अंतर ४० मीटर आणि भाराखाली ३५ मीटर भरलं, तर घसरण साडेबारा टक्के. टायरच्या ट्रॅक्टरला १० ते १५ टक्के घसरण चांगली समजा. २० च्या पुढे गेली तर वजन कमी पडतंय किंवा नांगर मोठा आहे. ५ च्या खाली असेल तर वजन गरजेपेक्षा जास्त टाकलंय आणि इंधन ते वजन वाहण्यात चाललंय. टायरचा ठसाही बघा: नक्षीच्या कडा किंचित पुसट दिसल्या तर ठीक, पूर्ण पुसून गुळगुळीत पट्टा उमटला तर घसरण फार आहे.

ओढ किलोत हवी असेल तर दोन ट्रॅक्टरांमध्ये साखळीला ताणमापक, म्हणजे लोड सेल लावा. मागच्या ट्रॅक्टरचं इंजिन बंद आणि गिअर टाकलेला, म्हणजे तोच भार. त्याचा गिअर बदलून भार कमीजास्त करता येतो. मागे ब्रेकवर पाय ठेवून जाणकार माणूस बसवा. आकडा झटक्याचा घेऊ नका. ट्रॅक्टर एका वेगाने चालू लागल्यावर किमान २०-३० मीटर टिकलेला आकडा लिहा, आणि त्याच अंतराला लागलेला वेळही. दोन्ही हातात आले की पायरी ३ च्या सूत्राने एचपी निघतो.

यात एक नियम कधीही मोडू नका. साखळी मूळ ड्रॉबारलाच जोडायची, मागच्या धुऱ्याच्या मध्यापेक्षा खाली. धुऱ्याला, सीटच्या चौकटीला किंवा वरच्या लिंकला साखळी बांधली आणि भार अडला, तर ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो चालकावर उलटतो. सावरायला वेळच मिळत नाही. हलक्या, आखूड फोर्डसनची या बाबतीत फार वाईट ख्याती होती आणि त्यात माणसं गेली आहेत. नायलॉनचा दोर तर अजिबात नको, तो ताणून तुटला तर गोळीसारखा उलटा येतो. साखळीच्या रेषेत कोणालाही उभं राहू देऊ नका.

पायरी ८: ओढ-स्पर्धेतले वर्ग

जुन्या ट्रॅक्टरांच्या ओढ-स्पर्धेत उतरायचं असेल तर तिथली विभागणी निराळी असते हे ध्यानात ठेवा. तिथे फाळ किंवा एचपी कोणी विचारत नाही. ट्रॅक्टर चालकासह वजनकाट्यावर जातो आणि वजनाप्रमाणे वर्ग ठरतो. त्याच्या जोडीला ट्रॅक्टर किती सालापर्यंतचा हवा, वेगमर्यादा किती, टायर आणि इंजिन मूळचं हवं की बदल चालतील, असे नियम आयोजकांप्रमाणे बदलतात. ट्रॅक्टरमागे ओढायच्या स्लेजवरचं, म्हणजे भार-गाडीवरचं वजन ट्रॅक्टर पुढे जाईल तसं पुढे सरकत जातं, म्हणून भार वाढतच जातो. सुरुवातीच्या झटक्यापेक्षा शेवटच्या काही मीटरमधली पकड तिथे निकाल लावते.

त्यामुळे नवख्याने पहिल्यांदा हलक्या वर्गात उतरावं आणि जादा वजनं कुठे लावायची यावर सगळं लक्ष द्यावं. सगळं वजन मागे टाकलं तर पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. पुढे जास्त टाकलं तर मागची पकड जाते. ओढताना पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली राहतील इथपर्यंत वजन थोडं थोडं सरकवत जा, आणि प्रत्येक फेरीनंतर वहीत चार गोष्टी टिपा: एकूण वजन, मागच्या टायरमधली हवा, ड्रॉबारची जमिनीपासूनची उंची आणि गिअर.